टॅब दाबला, तरी नाव का येत नाही?



आमच्या भिवंडीतली, यंत्रमाग जवळून पाहिलेली मुलं बटणांना घाबरत नाहीत. लिनक्सची काळी खिडकी उघडून दिली, तर पहिल्याच तासाला त्यांनी टॅबचं बटण हेरलं. दोन-चार अक्षरं टाइप करा, टॅब दाबा, उरलेलं बॅश पूर्ण करतो. (बॅश १९८९ सालचा, म्हणजे माझ्या वर्गातल्या बऱ्याच पालकांच्या वयाचा!)

नववीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, ‘ॲडयुजर’ अर्धं लिहून टॅब दाबला तर काहीच येत नाही. आधी ‘सुडो’ लिहिलं की लगेच येतं. त्याला कसं कळतं?"

प्रश्न फार चांगला होता. आमच्या डेबियनवर व्यवस्थापकाच्या आज्ञा ‘एसबिन’ फोल्डरात असतात आणि साध्या वापरकर्त्यासाठी बॅश तिथे शोधतच नाही. ओळीत सुडो दिसलं की टॅबमागची स्क्रिप्ट तेवढ्यापुरती तिथेही बघते.

"मग रूटच्या फोल्डरातल्या फायली का दाखवत नाही?" कारण एंटर दाबेपर्यंत सुडो सुरूच झालेलं नसतं. मुख्याध्यापकांचं नाव घेतलं म्हणून कपाट उघडत नाही, किल्ली हातात यावी लागते.

हे सांगायचं कारण वेगळंच आहे. कक्ष सांभाळायला दोन मुलांना रूटचा पासवर्ड द्यायचा होता. एका पालकांनी विचारलं, "पोरांनी चुकून सगळ्यांचं प्रात्यक्षिक पुसलं तर?" भीती रास्तच आहे. रूटला अडवणारं कोणी नसतं, आणि टॅबने भरलेलं नाव मुलं वाचतच नाहीत, थेट एंटर!

म्हणून रूटच्या स्वतःच्या बॅशआरसी फायलीत मी एक ओळ घातली: ‘कम्प्लीट’, पुढे डॅश आणि मोठा डब्ल्यू, मग रिकामी अवतरणचिन्हं, शेवटी ‘आरएम’. आता रूट म्हणून पुसताना टॅब गप्प बसतो. फायलीचं पूर्ण नाव हाताने लिहावं लागतं, म्हणजे वाचावंही लागतं. इतर आज्ञांना टॅब पूर्वीसारखाच.

एक मेख आहे. आपल्या खात्यातून ‘सुडो आरएम’ लिहिलं तर टॅब आपल्याच शेलचा, तिथे ही ओळ लागू होत नाही. म्हणून नियम केला: पुसायचं असेल तर आधी ‘सुडो डॅश आय’, आणि ओळीच्या टोकाला डॉलरऐवजी हॅश दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्याच मुलीने तो हॅश लाल खडूने फळ्याच्या कोपऱ्यात काढून ठेवलाय, खाली लिहिलंय: पुसू नये.