उत्पन्नाचा दाखला

शिष्यवृत्तीचे अर्ज तपासण्याचें काम आमच्या जालन्याच्या महाविद्यालयांत बरींच वर्षें मजकडे आहे. इंग्रजी काव्य शिकविणाऱ्या माणसाच्या गळ्यांत हें कां पडावें, याचा उलगडा मला अद्याप झालेला नाहीं. परंतु या कामानें मला एक गोष्ट शिकविली. दारिद्र्य दोन प्रकारचें असतें. एक मुरलेलें आणि एक ताजें. मुरलेल्या दारिद्र्याजवळ कागदपत्रें असतात. ताजें दारिद्र्य आधीं बोलायलाच लाजतें, आणि बोललेंच तर त्याच्या हातांत पुरावा म्हणून गेल्या वर्षींची सुबत्ता असते!

२०१२-१३ चा दुष्काळ आमच्या जिल्ह्याला विसरतां येणार नाहीं. मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या. मोसंबी कांहीं बाजरी नव्हे, कीं पुढच्या मृगाला पुन्हा पेरावी. कलम लावल्यापासून हातीं फळ यावयास चार-पांच वर्षें जातात. म्हणून शेतकरी तिला कर्ज काढून टँकरचें पाणी पाजतो आणि शेवटीं बाग व कर्जाऊ पैसा दोन्ही घालवून बसतो. अंबडकडील एक विद्यार्थी त्या वर्षीं संक्रांतीच्या सुमारास माझ्याकडे आला. वडिलांनीं बाग तोडून लांकूड सरपणाच्या भावानें विकलें होतें. फीचा दुसरा हप्ता, खोलीचें भाडें, खानावळीचे पैसे, सगळेंच थकलेलें.

मीं त्याचा दाखला काढून पाहिला. तो ३१ मार्च २०१२ अखेरच्या वर्षाचा. त्यांत मोसंबी डोलत होती! फीच्या सवलतीची मर्यादा त्या काळीं बरीच खालीं असे (२०१६ सालीं ती सहा लाखांवर व पुढें आठ लाखांवर नेण्यांत आली). मुलगा तिच्या बाहेर पडला. मौज अशी कीं, त्याच्या गांवाची पैसेवारी पन्नासांच्या खालीं लागल्यामुळें परीक्षेची फी मात्र सरकारनें माफ केलेली होती. म्हणजे गांव दुष्काळी. पण त्याच गांवांतला बाप कागदावर सुखवस्तु. यांत कोणी कारकून चुकला होता असें नाहीं. दोन्ही कागद आपापल्या जागीं खरे होते.

अमेरिकेंत अशा प्रसंगीं महाविद्यालयाच्या अधिकाऱ्याला कायद्यानेंच मुभा दिलेली आहे. बापाची नोकरी सुटली असेल, तर जुने आंकडे बाजूस सारून आजची स्थिति त्यानें पाहावी. ही मुभा मला कोणी दिली असती तर! आमचे वडीलधारे म्हणतात, पूर्वींची वार लावून जेवण्याची पद्धत काय वाईट होती? सात घरें, सात वार. दाखला नको, शिक्का नको. मला तें पटत नाहीं. त्या सात घरांच्या स्वयंपाकघराची वाट कोणाला मोकळी होती, हें आपणांस ठाऊक आहे. डॉ. आंबेडकरांचे वडील फेब्रुवारी १९१३ मध्यें वारले, आणि त्याच वर्षीं बडोद्याची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति घेऊन ते न्यूयॉर्कला गेले. तेथें दाता सयाजीरावांसारखा होता. असे दाते मोजून मिळत नाहींत. म्हणून रुक्ष असला तरी मला नियमच बरा वाटतो. त्याला चालू वर्षाचें तेवढें दिसावें, इतकेंच माझें म्हणणें आहे.

त्या मुलाला आम्हीं ‘कमवा आणि शिका’ योजनेंत घेतलें. ग्रंथालयांतील कपाटें झाडून, पुस्तकें लावून त्यानें खानावळ भागविली. फीला मुदत मिळाली; उन्हाळ्यांत तीही त्याच्या वडिलांनीं बैल विकून भरली.

जून महिन्यांत नवा दाखला आला. उत्पन्न मर्यादेच्या पुष्कळ आंत होतें. मुलानें तो कागद पेढ्यांचा पुडा आणावा तसा आणून माझ्या टेबलावर ठेवला. बरोबर वडीलही होते. टोपी गुडघ्यावर ठेवून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘सर, मागल्या साली भरलेली फी आतां परत मिळते का हो?’

मिळत नाहीं, असें मीं सांगितलें. त्यांनीं मान हलविली आणि अंबडची गाडी किती वाजतां आहे तें विचारलें.