छताकडे कोण बघतं?

फॉल्स सीलिंगच्या कॉन्ट्रॅक्टरने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पीडीएफमध्ये दोनशेच्या वर डिझाइनं होती. लाटा, कमळं, मोरपिसं, एकात एक अडकलेली वर्तुळं. एका छतावर तर निळं आकाश आणि उडणारे बगळे. सगळे फोटो एकाच जागेवरून काढलेले: दारात उभं राहून, पाहुणा पहिल्यांदा आत येतो तिथून.

तुम्ही नुकतंच घर घेतलं असेल तर ही भाषा तुमच्याही कानावर आली असेल. 'प्लस-मायनस', 'कोव्ह', 'कॉर्निस', 'मेडॅलियन'. मेडॅलियन म्हणजे पंख्याभोवती किंवा झुंबराभोवती बसवायचं प्लास्टरचं गोल फूल. मूळ युरोपातल्या उंच दिवाणखान्यांतलं, आता आपल्या वन बीएचकेत. पॅरिसमधल्या मोंमार्त्र टेकडीत जिप्समच्या खाणी होत्या, म्हणून प्लास्टर ऑफ पॅरिस हे नाव. जिप्सम भाजलं की त्यातलं बरंचसं पाणी उडून जातं आणि भुकटी होते. भुकटीत पाणी घातलं की थोड्याच वेळात तिचा पुन्हा दगड. साच्यात ओता, हवं ते फूल काढा. सुताराने महिनाभर कोरायचं काम अर्ध्या तासात होतं, म्हणून तर दोनशे डिझाइनं.

आमचा फ्लॅट डोंबिवलीत. छत नऊ फुटांवर. नॅशनल बिल्डिंग कोडने राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर सांगितली आहे, म्हणजे साधारण तेवढीच. किमान हेच कमाल असं बिल्डर मंडळींनी आपसात ठरवलेलं दिसतं. त्या नऊ फुटांतून फॉल्स सीलिंग आणखी चार ते सहा इंच खातं. वाड्यांतल्या लाकडी तक्तपोशीखाली हंड्या-झुंबरं लटकायची ती उंची आपल्याकडे नाही. आपल्याकडे पंखा आहे आणि पंख्याखाली माणूस आहे.

त्या माणसावरूनच आमच्याकडे सगळं अडलं. मागच्या वर्षी बाबांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं चार-पाच शब्दांवर आलं. त्यांचा पलंग हॉलमध्ये टाकायचं ठरलं, कारण आतल्या खोलीत पलंग ठेवला की व्हीलचेअर वळत नाही. म्हणजे ज्या छतासाठी मी फुलं निवडत होतो, ते पाहुण्यांना दोन मिनिटं दिसणार होतं आणि बाबांना दिवसाचे अठरा तास.

एका रविवारी मी रिकाम्या हॉलमध्ये, पलंग येणार होता तिथे, जमिनीवर आडवा झालो. फोन डोळ्यांसमोर धरला आणि एकेक डिझाइन बघत गेलो. अर्ध्या तासात दीडशे बाद झाली. खालून बघितलं की खोल वर्तुळं विहिरीसारखी दिसतात. डोक्यावर येणारे डाउनलाइट उभ्या माणसाला सुंदर वाटतात, आडव्या माणसाच्या थेट डोळ्यांत जातात. पंख्याच्या पात्यांवर दिवा आला, तर पंखा फिरताना खोलीभर सावल्या थरथरत राहतात. ज्याला कूस बदलायला दुसऱ्याचा हात लागतो, त्याने त्यातून कुठे पळायचं?

बायको म्हणाली, "मग काहीच नको. पांढरा रंग मारू, पैसे वाचतील." हिशेब बरोबर होता. पण हॉस्पिटलमध्ये बाबांनी तीन आठवडे पांढऱ्या चौकोनी टाइल्सचं छत बघितलं होतं. डाव्या हाताचं बोट हवेत हलवत ते काहीतरी मोजत असायचे. काय मोजताय विचारलं तर बोट वर. टाइल्स मोजत होते. कोरं छत मला त्यांच्यासाठी नको होतं.

शेवटी बाबांनाच विचारलं. निवडलेली पाच चित्रं टॅबवर मोठी करून दाखवली. त्यांनी प्रत्येक नीट बघितलं आणि पाचव्यानंतर कष्टाने दोन शब्द काढले.

"हूक खंय?"

आईला लगेच कळलं. माटवीचे हूक.

आमचं गाव सिंधुदुर्गात. गणपतीच्या वर टांगतात ती लाकडी चौकट म्हणजे माटवी. गोव्यात माटोळी म्हणतात. तिला आधी आंब्याचे टाळे, मग नारळ, सुपारीचे घोस, केळ्यांचा घड, तवसं, लालभडक कवंडाळं, तेरडा, हरणाची फुलं आणि रानातून त्या आठवड्यात मिळेल ते. फळांची निवड बाजार करत नाही, भाद्रपद करतो. आमच्याकडे माटवी बाबा बांधायचे. आदल्या दिवशी रानात जायचे, संध्याकाळी स्टुलावर चढायचे आणि आम्ही खालून एकेक वस्तू हातात द्यायचो. माझ्या ओळखीची छताची सजावट ती एवढीच. उरलेलं वर्षभर वाशांखाली ती रिकामी चौकट नुसती लटकत असायची.

आता गावच्या घरी चुलतभाऊ गणपती आणतो. बाबांना बारा तासांचा प्रवास झेपणार नाही. गणपती गावालाच राहू दे की इकडे आणायचा, हा विषय घरात निघतो आणि अर्धवट राहतो. आई म्हणते, मूळ घरातला गणपती असा हलवत नाहीत. काका म्हणतात, देवाला गाऱ्हाणं घालून विचारू. ते ठरायला वर्ष लागेल, दोन लागतील. हूक मात्र बोर्ड चढवण्याआधीच ठरवावा लागतो.

कारण असं की, साडेबारा मिलिमीटरच्या जिप्सम बोर्डाला वजन पेलत नाही. हलका दिवा ठीक. नारळ आणि केळ्यांचा घड लावलेली चौकट त्यावर टांगली तर बोर्डासकट खाली येईल. अँकर फास्टनर थेट वरच्या काँक्रीटच्या स्लॅबमध्ये जायला हवेत आणि त्यांचे रॉड बोर्डातून खाली यायला हवेत. नंतर करायचं म्हटलं तर तयार छत फोडावं लागतं. तुमच्या घरात पाळणा, झोपाळा, कंदील, काहीही कधी टांगायचं मनात असेल, तर हे काम सुरू होण्याआधी सांगा.

कॉन्ट्रॅक्टर नाराज झाला. "सर, चार हूक दिखेंगे तो पूरा लुक जाएगा." मी म्हटलं, दिसू देत.

मेडॅलियन रद्द झालं. कडेने साधी पट्टी आली. तिच्या आड पिवळसर दिवे, त्यांचा उजेड आधी भिंतीवर पडतो आणि मग खोलीत. मधला भाग मूळ उंचीवरच ठेवला, त्यामुळे पंख्याला हवा मिळाली. आणि पलंगापासून थोडं पुढे, बाबांना मान न वळवता दिसतील असे, चौकोनाच्या चार टोकांना पितळी हूक.

येणारे विचारतात, हे कशाला? आई सांगते, झुंबर लावायचंय. काहींना ते खरं वाटतं. चुलतभावाने गावाहून फणसाच्या लाकडाची नवी चौकट करून पाठवतो म्हणून फोन केला होता. मापं विचारत होता. मी टेप घेऊन स्टुलावर चढलो, तेव्हा बाबा खालून डाव्या हाताने खुणा करत होते: अजून पुढे, अजून थोडं, हां.