चित्रांचं वजन, फाइलची चाल

सामाईक फोल्डरमधली चार पानांची वर्ड फाइल रखडत उघडली की सगळे नेटवर्कला दोष देतात. आधी आतली चित्रं पाहावीत. फाइलची प्रत काढून तिच्या नावामागचं डॉकएक्स बदलून झिप करा. आत ‘मीडिया’ फोल्डर सापडतो. चित्रांचे आकार तिथे उघड दिसतात.

•

ए-४ पान ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केलं की २४८० × ३५०८ पिक्सेल, म्हणजे कॉम्प्रेशनशिवाय सुमारे २६ एमबी. १०० एमबीपीएसच्या जोडणीवरही दोन सेकंद गेले. तेच टंकलिखित पान निव्वळ काळ्या-पांढऱ्यात घेऊन ग्रुप ४ कॉम्प्रेशन लावलं, तर बहुधा शंभर केबीच्या आत बसतं. फॅक्ससाठी घडवलेली ही पद्धत एकही पिक्सेल गमावत नाही. साध्या पत्रव्यवहारासाठी मला आजही हीच योग्य वाटते. शिक्का किंवा निळ्या शाईची सही महत्त्वाची असेल तिथे मात्र रंग हवाच.

•

डॉकएक्स पुन्हा झिप करून फारसं काही वाचत नाही. ती आधीच झिप असते, आणि आतला जेपेगही आवळलेलाच.

•

पुष्कळांच्या ध्यानात न येणारी गोष्ट: कॉम्प्रेशन वाटेवर उपयोगी पडतं, मुक्कामाला नाही. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो तीन एमबीचा असो की एक, पडद्यावर दाखवण्यासाठी पूर्ण उलगडला की मेमरीत ३६ एमबी व्यापतो. म्हणून नुसता जेपेगचा दर्जा उतरवला तर फाइल लवकर येते, पण पानं सरकवताना अडखळतेच. तिथे पिक्सेलच कमी करायला हवेत.

•

वर्डमध्ये फोटो कातरला तरी कापलेला भाग फाइलमध्ये राहतो. समोरचा माणूस तो परत उघडू शकतो. ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये तो काढून टाकायचा पर्याय आहे. गोपनीय कागद असेल तर हे आधी करा.

•

२०१३ साली डेव्हिड क्रीसेल यांनी दाखवून दिलं की झेरॉक्सच्या काही स्कॅनरांत ६ चा ८ होत होता. जेबिग२ कॉम्प्रेशन सारखे दिसणारे आकार एकच मानून बसवत होतं. अक्षर पुसट न होता बदलतं, म्हणून संशयही येत नाही. सातबाऱ्यावरचं क्षेत्र असं बदललं तर? घ-ध, भ-म यांच्या लिपीत तर हा धोका पत्करूच नये.

•

स्क्रीनशॉट पीएनजीत ठेवा, फोटो जेपेगमध्ये. आणि काहीही आवळण्याआधी मूळ स्कॅन वेगळा जपून ठेवा. जेपेगने टाकून दिलेला तपशील परत मिळत नाही.