वाड्यावरचा उजेड

दिवाळी उरकली, सुगी आटोपली की शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईच्या रानात मेंढ्यांचे वाडे दिसू लागतात. पारनेर तालुक्यातल्या माळांवरून, ढवळपुरीकडून निघालेली धनगरांची बिऱ्हाडं घोड-कुकडीच्या खोऱ्यात उतरतात. घोड्यावर संसार, संसारावर कोंबड्या, कुणाच्या तरी कडेवर लेकरू. मोकळ्या रानात मेंढ्यांभोवती जाळीची वाघर ठोकली की झालं घर. रात्रभर मेंढ्या बसतात, रानाला लेंडीखत मिळतं, शेतकरी धान्य देतो किंवा पैसे. हा व्यवहार पिढ्यान् पिढ्यांचा. त्यात अलीकडं एका वस्तूची भर पडली आहे: घोड्याच्या पाठीवर, वाकळांच्या गठ्ठ्यावर दोरीनं आवळलेली सोलरची प्लेट.

ती प्लेट पाहिली की मला भरून येतं. बिऱ्हाड चालत असतं, वरून ऊन पडत असतं, आणि पुढच्या मुक्कामाची रात्र वाटेतच थोडी थोडी साठत जाते.

या साठ्याचा जमाखर्च फार काटेकोर आहे. 20 वॅटची प्लेट, चार-पाच तास चांगलं ऊन, म्हणजे कागदावर 80 ते 100 वॅट-तास. धूळ, तिरपं ऊन आणि वाटेतली गळती वजा जाता साठ-सत्तर हाती लागतात. 5 वॅटचा एलईडी दिवा सातपासून पहाटे सहापर्यंत ठेवला की 55 संपले. उरल्यासुरल्यात एक मोबाईलही धड भरत नाही. आता बॅटरीचं बघा. 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी म्हणजे 84 वॅट-तास. पण ती रोज निम्म्याखाली उतरवली तर आतल्या प्लेटांवर खडे धरतात आणि थोड्याच दिवसांत ती बसते. निम्मं म्हणजे 42. रात्र मागते 55. म्हणून जाणती माणसं 3 वॅटचा दिवा लावतात. रात्रीत 33 जातात आणि बॅटरीही टिकते. लिथियमची बॅटरी वजनानं हलकी आणि बरीच खोलवर वापरता येणारी, घोड्याला आणि माणसाला, दोघांनाही बरी. पण तिची किंमत ऐकून वाड्यावरचा माणूस गप्प होतो.

गाडीतच घर थाटून जगभर हिंडणारी माणसं फ्रीज, पाण्याचा पंप आणि लॅपटॉप यांची अशीच वजाबाकी रोज मांडत असतात. त्यांनी एकदा वाड्यावर येऊन बसावं, असं मला मनापासून वाटतं. विजेच्या तारेवाचून राहण्याचं शिक्षण इथं घोड्याच्या पाठीवरून चालत येतं.

एका वाड्यावरच्या आजींना मी प्लेट लावताना पाहिलं. आधी त्यांनी लुगड्याच्या पदरानं काच पुसली. मग दक्षिणेकडं तोंड करून मागं दोन दगडांचा टेकू दिला. पौषातलं ऊन. आपल्या या भागात डिसेंबरअखेर भर दुपारीही सूर्य अठ्ठेचाळीस अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळं जमिनीवर आडवी टाकलेली प्लेट उपाशी राहते. मेच्या मध्यावर तोच सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा टेकू काढायचा. तेव्हा अडचण वेगळी: प्लेट तापली की वीज कमी देते, म्हणून खालून वारा खेळेल एवढी फट ठेवायची. आजींनी टेकू दिला, दोन पावलं मागं सरल्या, परत पुढं आल्या आणि बाभळीची एक वाकलेली फांदी मोडून टाकली. फांदीची सावली प्लेटच्या एका कोपऱ्यावर, जेमतेम चार बोटं पडत होती. प्लेटमधले सेल एकापाठोपाठ एक जोडलेले असतात. एकावर सावली आली की सगळ्यांचाच ओघ आटतो. हे आजींना कुणी शिकवलेलं नव्हतं. दिवा रात्री लवकर मलूल झाला, तेव्हा त्यांनी दिवसाची सावली शोधून काढली होती.

संध्याकाळी नातवानं मोबाईल जोडायला वायर पुढं केली. आजी म्हणाल्या, “र्‍हाऊ दे बाळा. मोबाईल उद्या भरंल. मेंढरू गेलं तर उद्या मागारी येत न्हाय.”

त्या वाक्यामागं बिबट्याची भीती आहे, आणि ती खरी आहे. डिंभे धरणाचं पाणी कालव्यानं आलं, ऊस वाढला आणि उसातच बिबट्यांच्या पिढ्या जन्मू लागल्या. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. इथं माणूस आणि बिबट्या फार जवळ राहतात. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबूत भागात तीन माणसं गेली, त्यात दोन लेकरं होती. घरादारातल्या माणसांची ही गत. वाड्यावर तर भिंतच नसते. 3 वॅटच्या दिव्याला बिबट्या घाबरतोच असं मी म्हणणार नाही, पण उजेडात कुत्र्याला दिसतं, माणसाला दिसतं, उठून ओरडायला तेवढा वेळ मिळतो. त्या वेळेची किंमत वाड्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

मेंढपाळांना सोलरचे दिवे मिळावेत, हे आता सगळेच बोलतात. पण दिवा मिळाला म्हणजे काम झालं, असं समजू नये. दोन-तीन वर्षांत बॅटरी बसते, वायरचं टोक गंजतं, आणि चांगली प्लेट पडवीत उलटी पडून राहते. कवठ्यापासून पाबळ लांब नाही. तिथं डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली खेड्यातली मुलं तिथं हातानं काम करत शिकतात. अशा हातांना बाजारच्या दिवशी एक टेबल, एक मीटर आणि बदलायच्या बॅटऱ्या मिळाल्या, तर या खोऱ्यातला एकही वाडा अंधारात बसणार नाही.

तोवर एवढं आपल्याला करता येईल. ज्यांच्या रानात वाडा बसला असेल त्यांनी आभाळ भरून आलेल्या दिवशी स्वतः जाऊन विचारावं, बॅटरी घरी आणून चार्जिंगला लावावी आणि दिवस मावळायच्या आत परत पोचवावी. त्या दिवशी मेंढक्यानं मागायची वाट बघू नये. तो मागत नाही.