रिकामे पीप

सोनाळ्याच्या ज्या ओसरीवर वडिलांनी जन्मभर मद्याचे नाव काढू दिले नाही, तेथेच, वयाच्या ५५व्या वर्षी, मी व्हिस्कीचा पहिला घोट घेतला. २००४ साली आपली व्हिस्की थेट ग्लासगोत विकावयास नेणाऱ्या बंगळूरच्या 'अमृत' कारखान्याची ती 'पोर्टोनोवा', पुतण्याने आणलेली. मोड आणलेल्या सातूचे हे मद्य काही काळ पोर्तुगालच्या 'पोर्ट' द्राक्षासवाच्या रिकाम्या पिपांत मुरते. आसव केव्हाच निघून गेलेले असते. परंतु लाकडात जिरलेला त्याचा गोडवा ह्यात उतरतो. जिभेला आधी दाह झाला, मग मनुकांची गोडी आली. दुसरा घोट मात्र घेववेना. वडिलांना जाऊन १२ वर्षे झाली. पण ओसरीचे लाकूड तरी कोठे रिकामे झाले आहे? पेला मीच विसळून ठेवला.