बेंबीच्या देठापासून

जिवाच्या आकांताने कुणी हाक मारली, की ती बेंबीच्या देठापासून मारली असे आपण म्हणतो. हसताना आपण पोट धरतो, आणि धावून आलेल्या माणसाच्या पोटाचा भाता झालेला असतो. श्वासाचे घर छातीत आहे हे ठाऊक असूनही भाषेने पोटाला एवढा मान का द्यावा, याचे मला एके काळी नवल वाटे. वैद्यकाची दोन-चार पुस्तके चाळल्यावर ध्यानात आले, की भाषेचे निरीक्षण चोख आहे.

श्वास आत घेण्याचे मुख्य काम श्वासपटल करते. छाती आणि पोट यांच्यामधला हा घुमटाकार स्नायू आकुंचन पावून खाली सरकतो, पोट किंचित पुढे येते आणि फुप्फुसांत हवा शिरते. स्वस्थ बसलेल्या माणसाला उच्छ्वासासाठी वेगळे कष्ट पडत नाहीत. ताणलेली फुप्फुसे आपल्या लवचीकपणामुळेच मिटतात. चढ चढताना, खोकताना, गाताना मात्र एवढे पुरत नाही. मग पोटाच्या भिंतीतले स्नायू, विशेषतः कमरपट्ट्यासारखा आडवा गुंडाळलेला सर्वांत आतला स्नायू, आवळले जातात आणि श्वासपटलाला खालून वर रेटतात. हठयोगप्रदीपिकेत कपालभातीला लोहाराच्या भात्याची उपमा दिली आहे, ती या दृष्टीने अगदी नेमकी आहे.

वर्गात ओवी शिकवताना आपण चरण मोजतो, यमक दाखवतो. ज्ञानेश्वरीतली साडेतीन चरणांची ओवी आणि जात्यावरची ओवी यांतला भेद सांगतो. जात्यावरच्या ओवीत अक्षरसंख्येचा काटेकोरपणा नाही, असेही सांगतो. पण मग तिचे माप कोणते? मला वाटते, ते श्वासाचे माप आहे. जात्याचा खुंटा ओढताना धड ताठ धरावे लागते, पोट आवळावे लागते आणि उच्छ्वास लांबवत ओळ म्हणावी लागते. ओळ संपते तिथे बाईचा श्वास संपलेला असतो. हेमा रायरकर आणि गी पॉतवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. ते जसे शब्दांचे भांडार आहे, तसे ते गाणाऱ्या बायकांच्या श्वासांचेही आहे.

हा विचार माझ्या डोक्यात पुस्तकांतून आला नाही, आत्यामुळे आला. धाराशिव जिल्ह्यात, गोरोबाकाकांच्या तेरच्या पंचक्रोशीत तिचे सासर. जिल्ह्याचे नाव तेव्हा उस्मानाबाद होते. ते २०२३ मध्ये बदलले. माळवदाचे घर, आत काळोखी स्वयंपाकघर, छताला एवढासा झरोका आणि चुलीत तुराट्या नाहीतर गोवऱ्या. पावसाळ्यात सरपण ओले असले, की आत्या फुंकणी तोंडाला लावून ओणवी बसे. प्रत्येक फुंकरीसरशी तिचे पोट आत ओढले जाताना मी लहानपणी पाहिले आहे. जाळ लागेपर्यंत दहा-बारा फुंकरी, आणि दर दोन फुंकरींमध्ये एक खोल श्वास. तो श्वास अर्थातच धुराचा असे.

साठी ओलांडल्यावर तिला धाप लागू लागली. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो विडीचा. आत्याने उभ्या आयुष्यात विडीला हात लावलेला नव्हता. तेव्हा वयोमानाने होते असे म्हणून तिला घरी पाठवण्यात आले. फुंकून फुप्फुसे किती हवा किती वेगाने सोडतात हे मोजण्याची साधी तपासणी पुढे दोन वर्षांनी झाली आणि तेव्हा आजाराला नाव मिळाले: सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणारा दीर्घ विकार. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमधील डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या लेखाचा विषयच धूम्रपान न करणाऱ्यांमधला हा विकार होता. लाकूड, शेण, पिकांचे धसकट यांच्या धुराला जगातले सुमारे तीन अब्ज लोक सामोरे जातात, आणि तो धूर हे या विकाराचे एक मोठे कारण आहे, असे त्यात मांडले होते.

या विकारात फुप्फुसांचा लवचीकपणा जातो. हवा आत अडकून राहते, छाती फुगते आणि श्वासपटलाचा घुमट सपाट होतो. सपाट झालेल्या घुमटाला खाली सरकायला जागाच उरत नाही. अशा वेळी पोटाचे स्नायू मदतीला धावतात. निरोगी माणसाच्या बाबतीत जे चढावर घडते, ते अनेक रुग्णांच्या बाबतीत नुसते बसल्याजागी घडते. रुग्ण गुडघ्यांवर हात टेकून पुढे झुकतो, तेव्हा पोटातले अवयव श्वासपटलाला खालून आधार देतात. कफ बाहेर टाकणारा खोकलाही या स्नायूंच्याच बळावर येतो. मात्र त्यांच्या मदतीला मर्यादा आहे: फार जोर केला, तर आजारी श्वासनलिका बाहेरच्या दाबाने मिटतात आणि हवा अधिकच कोंडते. म्हणून अशा रुग्णाने कपालभातीचे जोरकस झटके कुणी सांगितले म्हणून करू नयेत. ओठांचा चंबू करून, समोरची ज्योत हलेल पण विझणार नाही इतक्या हळुवारपणे, पोट सावकाश आत घेत श्वास सोडावा.

व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने आत्याला नेमके हेच सांगितले, आणि समजावे म्हणून म्हणाली, “आजी, फुंकणी फुंकल्यासारखं करा, पण हळू.” आत्या माझ्याकडे पाहून म्हणाली, “चाळीस वर्सं फुकलीच की रं बाबा. आता परत तेच?” त्या मुलीला हसू आले. मला आले नाही.

गावात पिठाची गिरणी आली तेव्हा जाते अडगळीत गेले, आणि त्याबरोबर ओवीही. जात्याने फुप्फुसे वाचवली असती असे मला म्हणायचे नाही. जात्याच्या कष्टांचे गोडवे ज्यांना दळावे लागले नाही त्यांनी गाऊ नयेत. पण क्रम पाहण्यासारखा आहे: पोटाला बळ देणारे एक काम गेले, श्वासाला मापात बांधणारे गाणे गेले, आणि श्वास खाणारी चूल तेवढी मागे राहिली. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, घरोघरी सिलिंडर दिसू लागले. तरी टाकी भरण्याचे पैसे नसले, की तुराट्या पुन्हा पेटतात. आणि धूर सोसणाऱ्या तरण्या सुनांना आज बहुधा धाप लागत नसते. धाप लागेपर्यंत या आजाराकडे कुणाचे लक्ष जात नाही.

या ओव्या आपण सासुरवास, माहेर, भाऊ, विठ्ठल अशा सदरांत लावून शिकवतो. ते योग्यच आहे. पण एकदा एखादी ओवी विद्यार्थ्यांना मोठ्याने, पोटावर हात ठेवून म्हणायला सांगावी. श्वास कुठे संपतो, तिथे वहीत खूण करायला लावावी. आणि मग वर्गाला एवढेच विचारावे: ही ओवी जिने म्हटली, तिच्या चुलीला धुराडे होते का?