दोन माणसांचा तंबू

तर झालं असं, की लग्नाला तीन वर्षं झाल्याबद्दल आम्ही दोघांनी एकमेकांना मिळून एक तंबू भेट द्यायचं ठरवलं. दोन माणसांचा, हलका, पाठीवरून नेता येईल असा. बायको म्हणाली, "घेऊन टाकू." मी म्हणालो, "थांब, एक एक्सेल शीट करतो." तिने कपाळाला हात लावला. सॉफ्टवेअरवाल्याशी लग्न केलं की हे ओघाने आलंच.

पंधरा दिवसांत शीटमध्ये अठरा तंबू आणि अकरा रकाने झाले. त्यातून कळलेलं थोडक्यात सांगतो, तुमचा एखादा शनिवार वाचेल. 'दोन माणसांचा' हे कंपनीचं म्हणणं. झोपायची मॅट साधारण ५० सेंटीमीटर रुंद असते, म्हणजे तळ १२०-१३० सेंटीमीटर असला की दोघं जेमतेम मावतात आणि सॅक बाहेरच्या पडवीत जाते. वजनंही दोन छापतात. एक नुसत्या कापडाचं आणि दांड्यांचं, दुसरं खुंट्या-दोऱ्या-पिशवीसकट. पहिलं वाचून खूश व्हायचं नाही. एकेरी कापडाचा तंबू सव्वा किलोतही मिळतो, पण त्यात आपल्याच श्वासाची वाफ आतून जमते. दुहेरी, म्हणजे आत जाळी आणि वर पावसाचं कापड, असा घेतला की वजन दोन किलोच्या आसपास जातं. ट्रेकिंगच्या काठ्यांवर उभा राहणारा सगळ्यात हलका, पण त्याचा सगळा जीव खुंट्यांत असतो. स्वतःच्या दांड्यांवर उभा राहणारा कुठेही ठेवा, उभा राहतो.

हे सगळं कळूनही मी काय केलं? वजनाच्या रकान्यावर सॉर्ट!

ऑफिसातल्या मित्राकडे यादीतला पहिल्या नंबरचा तंबू होता, सव्वा किलोचा. तो उसना घेतला आणि जानेवारीत चाचणीची मोहीम आखली. शिरूरला एसटीने उतरायचं, न्हावरे, पारगाव, केडगाव करत चालत दौंड गाठायचं आणि तिथून रेल्वेने पुण्याला परत. सपाट मुलूख, चढ नाही, पाऊस नाही. न्हावऱ्याच्या पुढे माझ्या मामाचं शेत आहे. पहिला मुक्काम त्याच्या उसाच्या बांधावर, चांदण्या मोजत... वगैरे.

मामाने पाणी दिलं, बेत ऐकून घेतला आणि म्हणाला, "उसाच्या बांधावर? डोकं ठिकानावर हाय का तुझं?"

पेपरात वाचलेलं होतं हो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये याच शिरूर तालुक्यात, पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांत तीन माणसं बिबट्याने मारली. त्यात दोन लहान मुलं. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला होता. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात दौंड तालुक्यात दहिटण्याला एका मेंढपाळ कुटुंबाचं अकरा महिन्यांचं बाळ गेलं. बातमी वाचून मी हळहळलो होतो आणि पुढच्या पानावर गेलो होतो. पण माझ्या शीटमध्ये बिबट्याला रकाना नव्हता. आणि जानेवारीत ऊसतोड चालू असते. उसात जन्मून उसातच वाढलेल्या बिबट्यांचं घर रोज एकेक फडाने कमी होत असतं.

तेव्हा तंबू मामाच्या अंगणात, दिव्याखाली लागला. लागला म्हणजे काय, अर्धा तास अंगणाशी कुस्ती झाली. शेणाने सारवून, तुडवून दगड झालेली जमीन. तीन खुंट्या वाकल्या, चौथ्या कोपऱ्याला मामीने पाटा आणून ठेवला. सगळ्यात हलक्या तंबूला घरातली सगळ्यात जड वस्तू लागली!

मामाच्या मोकळ्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या. लेंडीखतासाठी शेतकरी मेंढपाळाला काही रात्री वाडा बसवायला सांगतो आणि त्याचे पैसे किंवा धान्य देतो. त्या वाड्यावरची बाई पाण्याला आली ती आमची कुस्ती बघत थांबली. मागे दोन पोरं.

"ह्यात किती मावत्यात?"

"दोघं," बायको म्हणाली.

ती वाकून आत बघत राहिली. मग चेनला हात लावून म्हणाली, "ही भायेरनं उघडती का, ताई?"

उघडते, बायकोने करून दाखवलं. पण हे का विचारलं ते आम्हाला कळलं नाही. मग तिनेच सांगितलं. रात्री पोरं आणि ती आत, मालक बाहेर मेंढरांजवळ. वाघर, म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी, हलली की त्याला उठावं लागतं. "पोरगं आत रडलं आन् मी झोपंत आसले, तर त्येंनला भायेरनं उघडाय पायजे का न्हाय?"

तंबू म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आम्ही दोघंच यायचो. तिच्या हिशेबात तंबूत कोण झोपणार आणि बाहेर कोण राहणार, हे आधी ठरलेलं होतं.

संध्याकाळी मामाबरोबर वाड्यावर गेलो. घोड्यावर लादून आणलेलं बिऱ्हाड, तीन दगडांची चूल, कुत्री आणि एका बाजूला ताडपत्रीचं पाल. जुन्नर वनविभागाने (शिरूर तालुका त्यांच्याच हद्दीत येतो) मेंढपाळांना तंबू आणि सौर दिवे वाटले होते. त्याबद्दल विचारलं, तर तिच्या नवऱ्याने ऐकलं होतं, त्याला मिळाला नव्हता. कापडाने बिबट्या अडतो का, असं मी विचारलं. तो हसला. "आडत न्हाय. पर उघड्यावरचं पोरगं त्येला दिसतं. आतलं दिसत न्हाय." वजनाचं विचारलं तर म्हणाला, "वजन घोडं बघतं."

रात्री माझ्या मनात तोच हिशेब चालू होता. दौंड तालुक्यात यवत-वरवंडला तुकोबांच्या पालखीचा मुक्काम पडतो. दिंड्यांच्या राहुट्या केवढ्या जाड कापडाच्या, पण त्या ट्रकमधून येतात. ऊसतोडवाल्यांची कोपी फडाजवळ एका हंगामासाठी उभी राहते. मेंढपाळाचं पाल घोड्यावर. पाठीवरून वाहणारे आम्हीच दोघं, तेही हौसेने. म्हणून ग्रॅम मोजायची चैन आम्हालाच.

पहाटे तोंडावर पाणी टपकलं. भोवती भिजवलेलं रान, थंडी आणि एकेरी कापड. बायको म्हणाली, "तुझ्या पहिल्या नंबरने आंघोळ घातली."

पुढची पायपीट मामाने रद्द करवली. एसटीने चौफुला आणि मग दौंड. वाटेत तोडलेल्या फडाशेजारी कोप्या दिसल्या, एका दारात उसाच्या चिपाडाशी खेळणारं पोर. आदल्या दिवशी ते मला 'टिपिकल ग्रामीण दृश्य' वाटलं असतं.

दौंडच्या फलाटावर चहा घेत शीट उघडली. दुहेरी कापड, स्वतःच्या दांड्यांवर उभा राहणारा, दोन्ही बाजूंना दार. वजन सव्वादोन किलो, यादीत अकरावा. ऑर्डर केला. तो जाणार सह्याद्रीत, मोकळ्या पठारांवर, गावात विचारून. बिबट्या तिथेही असतो, म्हणून विचारून. उसाच्या पट्ट्यात नाही, कुठलाच तंबू घेऊन नाही.

वनविभागाचे तंबू कुठे आणि कसे मिळतात याची चौकशी करायचं मामाने कबूल केलंय. मी दर रविवारी फोन करून विचारतो. गेल्या रविवारी म्हणाला, "अरे, वाडा कवाच पुढं गेला. आता कुनाला देऊ?"

शीटमध्ये बाराव्या रकान्याचं नाव आहे 'चेन बाहेरून'. अठराच्या अठरा तंबूंपुढे 'हो' आहे.